कुठल्या पानावर?

'ही कादंबरी वाचताना माझे डोळे पाणावले,' असं मी लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा त्या ओळीशेजारी समासात हिरव्या शाईत दोनच शब्द होते : 'कुठल्या पानावर?'

पान सांगता येईना, कारण डोळे पाणावलेच नव्हते. कादंबरी होती सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. शेतीपायी खचत चाललेल्या एका घराची गोष्ट. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळालेला. अशा पुस्तकावर लिहायचं म्हटलं की आधी डोळे पाणावायचे, मग मन सुन्न व्हायचं आणि शेवटी वाचकाने अंतर्मुख व्हायचं. शाळेपासून निबंध लिहून लिहून हाताला हे वळण इतकं पडलं होतं की ते वाक्य कागदावर उतरलं तेव्हा मी बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते.

एम. ए.च्या तिसऱ्या सत्रात 'समकालीन कादंबरी' हा ऐच्छिक पेपर मी घेतला तो खरं तर वेळापत्रक सोयीचं होतं म्हणून. पाच कादंबऱ्या : दोन मराठी, तीन इतर भाषांतल्या, त्यातल्या दोन भाषांतरातून वाचायच्या. माझा हिशेब साधा होता. पाचांवर कुठे ना कुठे नोट्स मिळतीलच, पुढच्या वर्गातल्या कुणाकडून झेरॉक्स येतील, आणि कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, वातावरणनिर्मिती या चार खणांत माल भरला की झालं. याच हिशेबाने मी बी. ए.ला पहिल्या वर्गात आले होते.

सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, अंतर्गत मूल्यमापनाचे सगळे गुण एका वहीला. डाव्या पानावर वाचता वाचता लिहायचं : पुस्तकाचा पान क्रमांक, आणि तिथे आपल्याला काय झालं ते. हसू, राग, झोप, काहीही. उजवं पान कोरं ठेवायचं. पुस्तक संपल्यावर आठवडाभराने डावं पान पुन्हा वाचायचं आणि उजवीकडे लिहायचं, हे मला तिथेच का झालं असावं. मलपृष्ठ, प्रस्तावना, परीक्षणं आधी वाचायची नाहीत. मग त्यांनी फळ्यावर एक यादी लिहिली : वास्तवदर्शी, दाहक, विदारक, ओघवती, मनाला भिडणारी, अंतर्मुख करणारी, समाजाचा आरसा. यातला एकही शब्द वहीत दिसता कामा नये.

माझी निम्मी शब्दसंपत्ती तिथेच जप्त झाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग गुण कसे देणार? मला आवडली, हिला नाही आवडली, तर बरोबर कोण?" सर म्हणाले, "आवडण्याला गुण नाहीत. माग काढण्याला आहेत." तेव्हा हे कुणाला उमगलं असेल असं वाटत नाही. मला तरी नाही. मी वही आणली, समास आखला आणि आठवड्याभरात डोळे पाणावून मोकळी झाले.

त्या हिरव्या प्रश्नानंतर मी 'बारोमास' पुन्हा उघडली ती चिडून. आता खरं काय ते लिहूनच टाकू, असा काहीसा आव होता. मग डाव्या पानावर पहिल्यांदा उतरलं : एकनाथचा राग येतो. एकनाथ म्हणजे शिकून नोकरी न मिळालेला, घरच्या शेतीत अडकलेला मुलगा. अलका ही त्याची शहरात वाढलेली बायको. सहानुभूती कुणाला द्यायची हे मला कुणी न सांगताही ठाऊक होतं, आणि मी मात्र दर वेळी अलकाच्या शेजारी जाऊन उभी राहत होते. तिला इथे राहायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात. कर्ज, पाऊस, बाजारभाव हे सगळं माझ्या लेखी मागचा पडदा, आणि अलका कधी निघते हीच काय ती गोष्ट. हे लिहायची लाज वाटत होती. एवढ्या मोठ्या दुःखापुढे आपल्याला एका सुनेची घुसमट तेवढी दिसते म्हणजे आपण फारच उथळ, असं वाटत होतं. तरी लिहिलं, पान क्रमांकांसकट.

आठवड्याने उजवं पान भरायला बसले आणि आधी नुसते आकडे पाहिले. माझ्या जवळजवळ सगळ्या नोंदी घरातल्या प्रसंगांवर होत्या. शेतातल्या, बाजारातल्या पानांवर एकही नोंद नाही. म्हणजे निम्मी कादंबरी मी नुसती उलटली होती. अलकाला शेताचा कंटाळा येतो असं मी मोठ्या तावाने लिहिलं होतं. तो कंटाळा तिचा किती आणि माझा किती, हे त्या आकड्यांनी माझ्यापुढे ठेवलं. शेताची पानं परत वाचली. डोळे तेव्हाही पाणावले नाहीत. पण एकनाथवरचा राग थोडा आटला, एवढं मात्र खरं, आणि तेवढंच लिहिलं.

वर्गात एक जण होता, त्याच्या घरी शेती. त्याची वही जवळजवळ कोरी. "काय लिहू? मला हे माहीत आहे," तो म्हणाला. "मला ही कादंबरी आवडली नाही. सुटीत घरी गेल्यासारखं वाटलं." आम्ही हसलो. सरांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला, फक्त थोडा बदलून : "मिटलंस कुठल्या पानावर?" त्याने पान सांगितलं, उघडलं, मोठ्याने वाचलं, आणि मग बराच वेळ बोलत राहिला. त्या पानावरची वाक्यं त्याने घरी कुणाच्या तोंडून, कुठल्या सुरात ऐकली होती, ते. बोलताना त्याची बोलीही बदलली. आमच्यापैकी ज्यांनी सुन्न झाल्याचं लिहिलं होतं ते सगळे आपापल्या वह्या चाळत बसले.

दुसरी कादंबरी कझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो', २००५ ची. मुलं एका निवासी शाळेत वाढतात आणि हळूहळू कळत जातं की त्यांना घडवलंच आहे ते इतरांना अवयव देण्यासाठी. (ज्यांनी वाचली नाही त्यांची माफी मागते, पण गुपित फोडलं म्हणून बिघडावं असं ते पुस्तक नाही.) माझ्या डाव्या पानांवर 'पळा!' हा शब्द सात वेळा आहे. मी एकटीच नव्हते. २० पैकी १४ वह्यांत हाच प्रश्न होता : ही पळून का जात नाहीत? मोठी झाल्यावर दारावर पहारा नाही, निवेदन करणारी कॅथी तर गाडी घेऊन देशभर हिंडते. आम्ही ठरवूनच टाकलं की ही लेखकाची चूक आहे, कथानकाला पडलेलं भोक.

सरांनी उत्तर दिलं नाही. चौघाचौघांचे गट केले आणि म्हणाले, शाळेच्या भागात 'बाहेर'बद्दल जे जे काही आहे ते सगळं शोधून आणा. सापडलं ते असं. शाळेमागच्या रानाबद्दलच्या भीतीच्या गोष्टी, ज्या मुलंच एकमेकांना सांगतात. एक शिक्षिका, जी त्यांना म्हणते की तुम्हाला सांगितलंय आणि सांगितलेलंही नाही. आणि शब्द : अवयव काढून घेण्याला 'दान', मरण्याला 'पूर्ण होणं'. मग आमच्या गटातल्या एकीने पहिला परिच्छेद वाचून दाखवला. कॅथी तिथे आपलं वय सांगते, ३१. अकरा वर्षांहून जास्त काळ ती इतर दात्यांची काळजी घेण्याचं काम करते आहे. आणि आपलं काम किती चांगलं चाललंय हेही ती लगेच सांगून टाकते. "ही तर नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखी बोलतेय," ती म्हणाली.

त्यावर मी उजव्या पानावर लिहिलं : 'कुंपण पहिल्याच परिच्छेदात आहे.' माझं मलाच हे वाक्य फार आवडलं. दोन-तीन जणांना दाखवलंसुद्धा. वही परत आली तर खाली हिरवी ओळ : 'छान. पण तुझा राग कुठे गेला?'

राग कुठेच गेला नव्हता. हुशार वाक्य सापडल्यावर मी तो त्याखाली ढकलून दिला होता. तोपर्यंत माझी समजूत अशी की खोटी प्रतिक्रिया म्हणजे पाणावलेल्या डोळ्यांसारखी, पुस्तकी. हुशारीही तेच काम करते हे नव्याने कळत होतं, आणि ते जास्त झोंबलं, कारण हुशार वाक्यं हाच माझा आधार होता. पुन्हा डावी पानं काढली. सातही 'पळा!' कॅथीच्या पानांवर होते. तिच्या मित्राच्या, टॉमीच्या, रडण्या-ओरडण्याच्या पानांवर एकही नाही. तो तरी आरडाओरडा करतो. ही नीट, वेळेवर, दिलेलं काम चोख करते आणि त्याचा तिला अभिमान वाटतो. माझा राग त्या चोखपणावर होता. तो मला कुठून ओळखीचा, हे मी लिहिलं नाही; सरांनी विचारलंही नाही.

याच सुमारास वर्गात एक विचित्र प्रकार सुरू झाला. एकाने वहीत आजीच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, मनापासून. सरांनी खाली पाऊण पान उत्तर लिहिलं. ती वही हातोहात फिरली. पुढच्या आठवड्यात वर्गात दुःखांचं अमाप पीक आलं. कुणाचा अपघात, कुणाचं तुटलेलं प्रेम, कुणाचं एकाकी बालपण. इशिगुरो बाजूलाच राहिले. मीही मागे राहिले नाही. एक दूरचे काका शोधून काढले, ज्यांना मी आयुष्यात दोनदा भेटले असेन, आणि त्यांच्या जाण्यावर दीड पान लिहिलं. अक्षर बरं आलं नाही म्हणून ते पान फाडून पुन्हा लिहिलं, हेही सांगायला हवं.

या पद्धतीतली ही खोट मला अजून खटकते. मनातलं सक्तीने मागितलं की ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही तो उसनं आणतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ते गुणांसाठी चव्हाट्यावर मांडावं लागतं. सर चांगले होते म्हणून आमचं निभावलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ही वही म्हणजे नुसती चौकशी झाली असती.

सर कुणाला काही बोलले नाहीत. एका तासाला येऊन रिचर्ड्सची गोष्ट सांगू लागले. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स हे समीक्षक विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता वाटायचे आणि त्यावर लेखी अभिप्राय मागायचे. त्यातल्या १३ कविता आणि त्यांवरचे अभिप्राय घेऊन १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक झालं. नाव झाकल्यावर नामांकित कवीसुद्धा विद्यार्थ्यांच्या हातून सुटले नाहीत. वाचकाच्या वाटेत येणाऱ्या दहा अडचणी रिचर्ड्सनी तिथे मांडल्या आहेत. सरांनी त्यातल्या दोनच फळ्यावर लिहिल्या : तयार साच्यातले प्रतिसाद, आणि कवितेशी संबंध नसलेल्या खाजगी आठवणी. पहिली अडचण म्हणजे माझे पाणावलेले डोळे. दुसरी म्हणजे माझे काका. मी मान खाली घालून लिहून घेतलं.

प्रत्येक वर्गात एक जण असतो ज्याने सगळं आधीच वाचलेलं असतं. तो उठला. "म्हणजे वाचकाने स्वतःला दाराबाहेर ठेवायचं का? विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी समीक्षकांनी १९४९ मध्ये परिणामावरून कविता जोखण्याला दोषच म्हटलंय." सर म्हणाले, "स्वतःला बाहेर ठेवून आत कोण जाणार?" आणि त्यांनी लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासक बाईंचं नाव लिहिलं. १९३८ साली त्यांचं 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' आलं. वाचक आपल्या आठवणी, गरजा, पूर्वग्रह घेऊनच येतो, त्याशिवाय पुस्तक नुसती शाई आहे. पण आपल्याला जे वाटलं ते त्या शब्दांपुढे नेऊन तपासायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७८ च्या पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिलं आहे, ते मी विसरलेले नाही. मूल काहीतरी विषारी प्यायलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचते आहे. तिला उतारा काय तेवढाच हवा आहे, शब्दांचं तिला काही नाही. वाचनाचं एक टोक ते.

मी चार वर्षं कादंबऱ्या लेबलासारख्या वाचत होते. उतारा काय तेवढा सांगा, पेपर उद्या आहे.

(आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांनी सहृदयाची, म्हणजे जाणत्या रसिकाची, व्याख्या करताना म्हटलंय की काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. हे आम्ही काव्यशास्त्राच्या पेपराला पाठ केलं होतं. आमच्या आरशावर गाइडच्या पानांची धूळ बसली होती हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.)

तिसरी कादंबरी हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन'. मूळ कोरियन पुस्तक २००७ चं; डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी भाषांतरासह त्याला २०१६ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. या भाषांतरावर पुढे आक्षेपही बरेच घेतले गेले, भाषांतरकर्तीने मूळ साधेपणावर नक्षी चढवली असे. त्यामुळे एका मुलीने वहीत रास्त शंका लिहिली होती : मला जे वाटलं ते नेमकं कुणाच्या वाक्याने? सरांनी तिथे नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं होतं, हिरवं.

एका बाईला स्वप्नं पडू लागतात आणि ती मांस खाणं सोडते. तीन भाग आहेत. पहिला तिचा नवरा सांगतो. माझी डावी पानं जशीच्या तशी उतरवते. 'बिचारा.' पुढे : 'साहेबांच्या जेवणाला बायको अशी वागली तर त्याने तोंड कसं दाखवायचं?' पुढे : 'निदान कारण तरी नीट सांग की बाई.' मग तो प्रसंग येतो, सगळं कुटुंब जमलेलं असताना बाप तिच्या तोंडात जबरदस्तीने मांस कोंबतो आणि ती सुरी घेऊन स्वतःचं मनगट कापते. तिथे माझी नोंद एकच शब्दाची : 'अरे.'

आठवड्याने ही पानं ओळीने वाचली आणि मला माझीच भीती वाटली. मी बाई. स्वतःला बऱ्यापैकी शहाणी समजणारी. आणि इतकी पानं मी त्या माणसाच्या खांद्यावरून डोकावत होते, ज्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की बायकोत आपल्याला कधी काही विशेष वाटलं नाही. अलकाच्या बाजूने तावातावाने उभी राहणारी ती मीच ना? मग इथे काय झालं? माग काढत गेले तेव्हा सापडलं ते फार साधं होतं. 'मी' म्हणून जो बोलतो त्याच्यावर मी विश्वास ठेवते. तो तक्रार करतो ती मला माहिती वाटते. त्या भागात बाईचा स्वतःचा आवाज येतो तो स्वप्नांच्या छोट्या तुकड्यांतच, आणि ते तुकडे मी 'अवघड' म्हणून भराभर ओलांडले होते. नोंदींत त्यातल्या एकाही पानाचा क्रमांक नव्हता. लेखिकेने मला फसवलं म्हणावं, तर तिने सगळं समोरच ठेवलेलं.

वर्गात मी हे वाचून दाखवलं. हसले लोक. "नवऱ्याची वकील," असं नाव पडलं ते सत्र संपेपर्यंत टिकलं. पण त्या दिवशी आणखी पाच जणांनी आपापली डावी पानं उघडली, त्यात तीन मुली होत्या, आणि त्या पाचांच्याही वह्यांत 'बिचारा' किंवा त्याचा कुणी भाऊबंद सापडला. एक मुलगा म्हणाला, मला पहिल्या पानापासून या नवऱ्याची किळस आली. सरांनी त्याला विचारलं, कुठल्या शब्दावर? त्याला सांगता आलं नाही. आपल्याला काय वाटायला हवं हे त्याला आधीच माहीत होतं, माझ्या 'बारोमास'सारखं. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तिसरा भाग त्या बाईच्या बहिणीचा आहे. ती दुकान चालवते, मूल सांभाळते, इस्पितळात बहिणीला भेटायला जाते. हा भाग मी एका बैठकीत वाचला आणि डाव्या पानावर काहीच लिहिलं नाही. सरांनी त्या कोऱ्या पानावर लिहिलं : 'इथे काय झालं?' मी उजवीकडे लिहिलं : 'ही थोरली आहे.' यापुढे लिहायला मला जमलं नाही. त्यांनी त्यावर काही शेरा दिला नाही.

चौथी विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर'. मूळ कन्नड, २०१३. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी भाषांतरातून ती दूरवर पोचली. शंभर-सव्वाशे पानांची, एका संध्याकाळी संपते. नावाचा शब्द कुठल्याच कोशात नाही. न सुटणाऱ्या गुंत्यासाठी एका घरातल्या भावंडांनी बनवलेला. एक कुटुंब हलाखीतून अचानक श्रीमंतीत येतं, आणि मग त्या घरात सून म्हणून अनिता येते. जुन्या घरातल्या मुंग्यांचा भाग आहे : घरभर मुंग्या आणि त्यांना मारण्याची सगळ्यांना लागलेली चटक. माझी नोंद : 'हा हा.' मग एक अनोळखी बाई काकांना शोधत दारात येते आणि घरातल्या बायका तिला अद्वातद्वा बोलून हाकलतात. माझी नोंद : 'हिने यायलाच नको होतं.' हे लिहिलं आणि पेन थांबलं. पुन्हा तेच. पुन्हा मी 'मी' म्हणणाऱ्याच्या घरात पाय पसरून बसले होते. या वेळी आठवडा लागला नाही, दोन पानं पुरली. मागे जाऊन मुंग्यांचा भाग परत वाचला. 'हा हा' खोडलं नाही, सरांची तशी सक्त ताकीद होती.

अनिताचं शेवटी काय होतं हे पुस्तक सांगत नाही. वर्ग दुभंगला. ११ जण म्हणत होते, तिचं बरंवाईट झालंय; ८ जण म्हणत होते, माहेरी गेलीय, येईल. दोन्हीकडे पान क्रमांक होते. दोन तास भांडण चाललं, तिसरा आम्ही कॅन्टीनमध्ये घातला. इतकं मनापासून आम्ही परीक्षेच्या निकालावरही भांडलो नव्हतो.

या भांडणात एक जण नव्हती. एरवी बोलकी. वह्या अदलाबदल करायच्या दिवशी ती सरांकडे गेली आणि म्हणाली, ही वही मला कुणाला द्यायची नाही. तुम्हालाही नाही. आम्हाला वाटलं आता तिचे गुण गेले. सरांनी वही हातात घेतली, न उघडता परत दिली. "फक्त पान क्रमांक दे," म्हणाले. तिने एका कागदावर अकरा आकडे लिहून दिले. तो कागद सरांनी टेबलावर ठेवला होता, कुणालाही दिसेल असा. मी ते आकडे उतरवून घेतले. बरोबर केलं का, माहीत नाही. रात्री ती अकरा पानं ओळीने वाचली. प्रत्येक पानावर घरातली माणसं एकत्र होती आणि एकमताने बोलत होती. तिने पुस्तकाबद्दल एक अक्षर न लिहिता जे सांगितलं तेवढं आमच्या १९ वह्यांत मिळून नव्हतं. तिच्याशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही. तिला पूर्ण गुण मिळाले यावर दोघा-तिघांनी कुरकुर केली.

शेवटची कृष्णात खोत यांची 'रिंगाण', जिला पुढे २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे राहून गेलेल्या म्हशीला आणायला परत त्या रानात शिरलेला माणूस. डाव्या पानावरची माझी पहिली नोंद : 'कंटाळा.' दुसरी : 'अजून कंटाळा.' बोलीच्या लयीत चालणारं निवेदन, माझ्या कानाला सवय नाही, वाक्य कुठे उचलायचं कळेना. सत्राच्या सुरुवातीला मी इथे 'प्रादेशिक बोलीचा समर्थ वापर' असं लिहून सुटले असते. शेतीवाल्या त्या वर्गमित्राला मी वही दाखवली. तो म्हणाला, "डोळ्याने कशाला वाचतेस? तोंडाने वाच." त्याने चार पानं वाचून दाखवली, दम कुठे घ्यायचा ते हाताने दाखवत. पुढचं मी खोली बंद करून मोठ्याने वाचलं. कंटाळा गेला असं नाही म्हणणार. मधे काही पानं तो परत आला, तसे क्रमांक लिहून ठेवले. पण म्हैस माणसाला ओळख देत नाही ती पानं वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला होता. हे मी डावीकडे लिहिलं. उजवं पान अजून कोरंच आहे. सत्र संपलं.

मग लेखी परीक्षा आली. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका, बाहेरून आलेली. तिला आमच्या वह्यांची काय खबर. 'समकालीन कादंबरीतील वास्तवाचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा.' मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. प्रामाणिक राहायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तीन तासांत तीन पुरवण्या भरायच्या होत्या. कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली. हात आपोआप चालू लागला. 'दाहक' तीनदा आलं, 'विदारक' दोनदा, मी मोजले. 'डोळे पाणावतात' लिहायच्या आधी मात्र पेन अडलं, आणि तिथे मी उगाचच 'वाचक व्यथित होतो' असं लिहिलं. गुण चांगले पडले.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हान कांग यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा वर्गाचा जुना व्हॉट्सॲप गट बऱ्याच दिवसांनी जागा झाला. अभिनंदन, टाळ्या, मग कुणीतरी लिहिलं, 'नवऱ्याची वकील कुठे आहे?' मी हसण्याची खूण पाठवली आणि वही शोधायला उठले. माळ्यावर सापडली. बहिणीचा भाग पुन्हा वाचायला घेतला, शेजारी वही उघडी ठेवून. 'ही थोरली आहे' या ओळीखाली अख्खं पान रिकामं होतं. पेन घेतलं, पुस्तकाचा पान क्रमांक लिहिला, आणि तेवढ्यात आईची हाक आली.